औषधाच्या चुकीचे खापर परिचारिकेच्याच माथी का?

अनुवादकाच्या टेबलावर काही शब्द असे येतात की, त्यांच्यापाशी अडून बसावे लागते. रुग्णालयांविषयीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणताना मला असाच एक पेच नेहमी पडतो. इंग्रजीत 'एरर' आणि 'नेग्लिजन्स' हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ चूक. दुसऱ्याचा अर्थ हलगर्जीपणा. चूक कोणाच्याही हातून होते. हलगर्जीपणात कर्तव्याची बेपर्वाई गृहीत असते. परंतु भांडवली वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हे दोन्ही शब्द एकाच साच्यात ओतले जातात आणि बाहेर पडतो तो ठरलेला मथळा : 'परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळे रुग्णाचा मृत्यू'. चुकीचे इंजेक्शन टोचले गेले, औषधाची मात्रा अधिक झाली, औषध अंगावर आले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, प्रकार कोणताही असो, मथळा तोच. त्या रात्री त्या कक्षात किती रुग्ण होते, परिचारिका किती होत्या, त्यांपैकी कायम किती व कंत्राटी किती, त्या किती तास सलग उभ्या होत्या, ही माहिती बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातही सापडत नाही. चौकशी समिती नेमली जाते, परिचारिका निलंबित होते, आणि कंत्राटी असेल तर निलंबनाचेही कष्ट घ्यावे लागत नाहीत. तिला 'उद्यापासून येऊ नका' एवढेच सांगितले जाते.

हा केवळ वृत्तपत्रांच्या भाषेचा दोष असता तर त्यावर इतकी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण हीच भाषा आता कायद्यात उतरली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या कायद्याच्या कलम ३०४-अ प्रमाणे हलगर्जीपणाने मृत्यूस कारण होण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांची होती आणि ती सर्वांना सारखी होती. नव्या संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांवर नेली. मात्र असे कृत्य वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून घडले असेल तर शिक्षा पूर्वीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच राहील, अशी सवलत त्याच कलमात ठेवण्यात आली. ही सवलत कोणाला, हेही कायद्यानेच स्पष्ट केले आहे : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या अधिनियमाखाली मान्य असलेली पदवी ज्याच्यापाशी आहे व ज्याचे नाव वैद्यक नोंदवहीत आहे त्याला. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत नसते. ते परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो, हे एका उदाहरणाने पाहू. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर दूरध्वनीवरून औषधाची मात्रा सांगतो. झोपेत असलेल्या, स्वतःही छत्तीस तास काम केलेल्या त्या तरुणाच्या तोंडून दशांश चिन्ह एका जागेने सरकते. परिचारिका ऐकते, लिहून घेते, टोचते. रुग्ण दगावतो. चूक दोघांची मिळून झाली. परंतु ज्याने मात्रा सांगितली त्याला अधिकात अधिक दोन वर्षे आणि जिने ती टोचली तिला अधिकात अधिक पाच वर्षे! डॉक्टरांच्या संघटनेने आपली मागणी रेटून नेली व सवलत मिळविली. त्यांना ती मिळाली याबद्दल आमची तक्रार नाही. निवासी डॉक्टरही याच गिरणीत भरडला जातो. शिवाय २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात, स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याखेरीज डॉक्टरांवर खटला भरू नये आणि त्यांना सरसकट अटक करू नये, असे सांगून ठेवले आहेच. आमचा प्रश्न एवढाच आहे की, औषधाच्या साखळीत जी सर्वांत शेवटी उभी असते, जिला औषध निवडण्याचा वा खरेदी करण्याचा अधिकार नसतो आणि मात्रा ठरविण्याचाही नसतो, तिच्यासाठीच कायद्याचा दंडुका अडीच पट लांब का?

खाटेजवळ कोण असते?

औषधाची सुरक्षितता म्हटली की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते, फार तर औषध निरीक्षक येतो. आमच्याही पुष्कळ साथींच्या डोळ्यांसमोर तेच येते. परंतु औषध प्रयोगशाळेतून मंजूर होऊन बाहेर पडले म्हणजे त्याची परीक्षा संपत नाही. खरी परीक्षा रुग्णाच्या शरीरात सुरू होते, आणि त्या परीक्षेची पर्यवेक्षक परिचारिका असते. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा फेरी मारतात. औषध शिरेतून आत जात असताना, पोटात गेल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात आणि पहाटेच्या वेळी रुग्णाजवळ असते ती फक्त तीच.

तिचे हे काम म्हणजे केवळ गोळ्या वाटणे नव्हे. डिगॉक्सिनची गोळी देण्यापूर्वी नाडी मोजावी लागते. प्रौढ रुग्णाची नाडी मिनिटाला साठाच्या खाली असेल तर गोळी हातात तशीच ठेवून डॉक्टरला बोलवावे लागते. पेनिसिलीन टोचल्यावर लगेच पाठ फिरवून चालत नाही. अंगावर गांधी उठू लागल्या, आवाज घोगरा झाला, श्वास कोंडू लागला तर अॅड्रेनलिनची कुपी हाताशी हवी, आणि ती मिनिटांत टोचली जायला हवी. व्हॅन्कोमायसिन घाईने सोडले तर मान-चेहरा लालबुंद होतो व रक्तदाब घसरतो. क्षयाच्या रुग्णाचे डोळे पिवळे दिसू लागले किंवा त्याला अन्नाचा वास नकोसा झाला तर गोळ्या यकृताला बाधत असल्याची शंका घ्यावी लागते. त्याला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येईनासा झाला तर एथॅम्ब्युटॉलची.

यांपैकी एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते शहरातील बड्या रुग्णालयातले नसून खेड्यातले आहे. गरोदर स्त्रीचा रक्तदाब चढून तिला झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेट हे तिचा जीव वाचविणारे औषध आहे. सरकारी मार्गदर्शनानुसार उपकेंद्रातील सहायक परिचारिका-प्रसाविका, जिला सर्वजण एएनएम म्हणतात, तिनेच दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅमची पहिली मात्रा टोचून बाईला मोठ्या रुग्णालयात धाडायचे असते. पण हे औषध दुधारी आहे. मात्रा वाढली तर आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते, मग श्वास मंदावतो, शेवटी थांबतो. म्हणून पुढची प्रत्येक मात्रा देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायच्या असतात : गुडघ्यावर टिचकी मारली तर पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का, आणि लघवी तासाला निदान तीस मिलिलिटर होते आहे का. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर मात्रा द्यायची नाही. श्वास मंदावलाच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचे. यासाठी यंत्र लागत नाही. एक लहानशी हातोडी, सेकंदकाटा असलेले घड्याळ, लघवी मोजण्याचे भांडे आणि एक माणूस लागतो. आज टंचाई आहे ती या शेवटच्या गोष्टीची!

थॅलिडोमाइडची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गरोदरपणातील मळमळीवर दिल्या गेलेल्या त्या औषधाने हजारो अर्भके हातापायांशिवाय जन्मली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात पश्चिम जर्मनीतील उत्पादकाने ते मागे घेतले. इतिहासात नाव राहिले ते वैद्यक नियतकालिकात पत्र लिहिणाऱ्या सिडनीच्या डॉक्टरचे. त्याच रुग्णालयातील एका प्रसूती-परिचारिकेने या औषधाविषयी सर्वांत आधी शंका बोलून दाखविली होती, हे पुष्कळ वर्षांनी पुढे आले. खाटेजवळ असणाऱ्याला आधी दिसते. दिसलेले बोलण्याचा अधिकार त्याला असतो की नाही, हा मात्र वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आहे.

एका कानाची गोष्ट

मी कला शाखेचा पदवीधर. औषधशास्त्राशी माझा संबंध पत्रकांच्या भाषांतरापुरता. हा विषय माझ्या घरात आला तो माझ्या आईमुळे.

काही वर्षांपूर्वी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी आईला एका रुग्णालयात ठेवले होते. तिला अॅमिकासिनची इंजेक्शने सुरू होती. हे जुने, स्वस्त व गुणकारी औषध. पण मूत्रपिंडे आणि कान यांना ते बाधू शकते, विशेषतः वय झालेले असेल आणि मूत्रपिंडे आधीच थकलेली असतील तर. अशा रुग्णाच्या रक्तातील क्रिएटिनिन तपासत राहून मात्रा बेतावी लागते आणि कानांची चौकशी करावी लागते, कारण कानात आवाज येणे ही पहिली खूण असते व एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सहाव्या रात्री आई म्हणाली, 'कानात रातकिडे ओरडतायत रे.' मी हसण्यावारी नेले. रात्रपाळीच्या सिस्टरने नेले नाही. तिने आईला दोन-तीन प्रश्न विचारले, कागदावर नोंद केली आणि सकाळच्या फेरीत ती डॉक्टरांना सांगितली. 'आजींचं वय झालंय, कान वाजणारच. तुम्ही तुमचं काम करा,' असे तिला सर्वांसमोर ऐकावे लागले. इंजेक्शन आणखी दोन दिवस चालले. मग रक्ताचा अहवाल आला व ते घाईघाईने बंद करण्यात आले. आईच्या डाव्या कानाला आज ऐकू येत नाही.

घरी निघण्याच्या दिवशी मी त्या सिस्टरला गाठले. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्याचा सरकारी फॉर्म असतो, एवढे तोवर माझ्या वाचनात आले होते. ती म्हणाली, 'दादा, फॉर्म माहीत आहे मला. पण भरला तर पहिला प्रश्न मलाच येईल, इंजेक्शन किती वेळात सोडलंत म्हणून. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय.' त्या पाळीत तिच्याकडे चव्वेचाळीस रुग्ण होते. तरीही तिने आईच्या कानांची चौकशी केली होती. ज्या व्यवस्थेत तिच्या या दक्षतेची किंमत एक फटकारा आणि दक्षता कागदावर आणण्याची किंमत नोकरी, त्या व्यवस्थेचे प्रवक्ते दुसऱ्या दिवशी परिचारिकांच्या 'बेफिकिरी'वर प्रवचने झोडतात, तेव्हा संताप येतो.

पाच 'योग्य' आणि एक घड्याळ

परिचर्येच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थिनीकडून पाच गोष्टी घोकून घेतल्या जातात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. खाजगी रुग्णालयांत या पंचसूत्रीचे चकचकीत फलक औषधांच्या गाडीवर लावलेले असतात. सूत्र चुकीचे नाही. पण ते अमलात आणायला वेळ लागतो, आणि वेळ फलकावर छापता येत नाही.

हिशेब करून पाहा. चाळीस रुग्ण, प्रत्येकी तीन औषधे, म्हणजे सायंकाळच्या एका फेरीत एकशे वीस मात्रा. नाव विचारणे, कागद पाहणे, कुपीवरील नाव व मुदत वाचणे, मोजून घेणे, देणे, नोंद करणे, याला प्रत्येकी दोनच मिनिटे धरली तरी चार तास झाले. तोवर दुसऱ्या फेरीची वेळ झालेली असते. त्यातच नवा रुग्ण येतो, कोणाची सलाइन संपते, नातेवाईक अंगावर धावून येतात. पाचही 'योग्य' पाळायचे तर 'योग्य वेळ' मोडावी लागते, आणि वेळ पाळायची तर उरलेले चार अंदाजावर सोडावे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे आहे : शिक्षणसंलग्न रुग्णालयातील सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, आणि वर रजेसाठी तीस टक्के राखीव. हे प्रमाण कोणा कम्युनिस्टाने लिहिलेले नाही. ते सरकारमान्य परिषदेचे आहे आणि सरकारच ते पाळीत नाही.

टंचाईच्या जोडीला बाजार येतो. आपल्या देशात इन्सुलिनच्या कुपीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये चाळीस एकके असतात, आणि शंभर एककांचे इन्सुलिनही मिळते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. चाळिसाच्या सिरिंजचे टोपण लाल, शंभराच्या सिरिंजचे नारिंगी. शंभराचे इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढले तर रुग्णाच्या अंगात जातात पंचवीस एकके, आणि पहाटे त्याची साखर उतरून तो बेशुद्ध होतो. उलट गल्लत झाली तर दहाच्या जागी चारच जातात. आता जेथे रुग्णालयाच्या भांडारात सिरिंज नाही म्हणून नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी दिली जाते, तेथे औषध एका दुकानातून व सिरिंज दुसऱ्या दुकानातून येते. ही जोडी जुळते की नाही हे रात्रीच्या मंद दिव्यात पाहण्याची जबाबदारी कोणाची? परिचारिकेची! संहत पोटॅशियम क्लोराइडची कुपी न मिसळता शिरेत गेली तर हृदय बंद पडते. अशी कुपी साध्या पाण्याच्या कुपीसारखीच दिसू नये, आणि ती सर्वसाधारण कक्षाच्या कपाटात नसावी, एवढे शहाणपण खरेदी करणाऱ्याने दाखवायचे असते. तो दाखवीत नाही, तेव्हा चूक मात्र टोचणाऱ्या हाताची ठरते.

व्यापारी नावांचा गोंधळ हा याच माळेतला मणी. एकाच औषधाला पन्नास नावे, आणि दोन अगदी निराळ्या औषधांची नावे कानाला एकसारखी. हाथी समितीने १९७५ मध्येच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून मूळ नावे वापरावीत, आरंभ तेरा औषधांपासून करावा, असे सुचविले होते. आमच्या जुन्या साथींनी त्या अहवालावर सभा घेतल्या आहेत. आज त्या अहवालाचे नाव काढले की तरुण साथी विचारतात, हा कोणता अहवाल?

छोट्या खाजगी 'नर्सिंग होम'विषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे सांगण्यासारखे फार नाही. सगळे उघड्यावर आहे. पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणीच नाकारता येते, असे आपल्या राज्यातील १९४९ चा कायदा म्हणतो. प्रत्यक्षात दहावी-बारावी झालेल्या मुलीला पांढरे कपडे चढवून 'सिस्टर' म्हणून उभे करतात आणि महिन्याच्या अखेरीस हातावर जे ठेवतात त्याला पगार म्हणवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला वीस हजारांहून कमी वेतन नसावे अशी शिफारस केली. केरळातील परिचारिकांनी २०१७ मध्ये रस्त्यावर उतरून, संपाची नोटीस देऊन, २०१८ मध्ये ती अधिसूचनेच्या रूपाने पदरात पाडून घेतली. जेथे लढा झाला नाही तेथे शिफारस कागदावर राहिली.

लघवी बंद झाली

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्या गेलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊन चौदा जण मृत्यू पावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते, तेही १८.५ टक्के. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीतला भ्रष्टाचार, औषध प्रशासनाची सडकी यंत्रणा आणि मंत्र्यांचे वर्तन यांची चिरफाड केली. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. तेच विष १९७२ मध्ये मद्रासला, १९९८ मध्ये गुडगावला आणि २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगरला मुलांच्या जिवावर उठले होते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ते मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आले. तमिळनाडूत बनलेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. सुरक्षिततेची मर्यादा ०.१ टक्का आहे. वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. तेथील खाटांवर त्यांनी प्राण सोडले. पूर्वी त्याच जिल्ह्यात असलेल्या पांढुर्णा-सौसर भागातील आपल्या मराठीभाषी वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

या सर्व प्रकरणांत मुख्य गुन्हेगार कोण हे उघड आहे, आणि परिचारिकेची दक्षता हा कारखानदाराच्या गुन्ह्यावरील इलाज आहे असे मला सुचवायचे नाही. विष कारखान्यात थांबवायचे असते. पण ते थांबले नाही, तर पहिली खूण कोठे उमटते? दर वेळी खूण एकच : लघवी बंद होते. रुग्णाच्या पोटात किती गेले आणि बाहेर किती आले, हा तक्ता परिचारिका भरते. चार खाटांवरील चार तक्ते शेजारी ठेवून 'या चौघांना समान काय दिले गेले?' असे विचारायला तिच्यापाशी दहा मिनिटे असावीत, आणि विचारल्यावर तिचे कोणी ऐकावे. मग पाचवा रुग्ण वाचू शकतो. खेड्यात कोणत्या घरात कोणती बाटली आहे हे एएनएमला आणि आशाला ठाऊक असते. तिच्या नोंदीला वजन असते तर छिंदवाड्याची बातमी किती दिवस आधी फुटली असती, याचा विचार प्रत्येकाने करावा.

यंत्रणा कागदावर आहे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला. २०११ पासून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. तेथे जमलेल्या नोंदी स्वीडनमधील उप्सालाच्या जागतिक केंद्राकडे जातात. दुष्परिणाम केवळ डॉक्टरनेच कळवावा असे नाही. परिचारिका कळवू शकते, रुग्णही कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, नोंद करणे म्हणजे कोणाचा दोष मान्य करणे नव्हे, असे त्या फॉर्मवरच छापलेले आहे. त्या सिस्टरच्या अधिसेविकेने तेवढे वाचले असते तर!

समुद्रापारची साक्ष

'हे सारे आपल्या दारिद्र्यामुळे. संगणक आणा, यंत्रे आणा, चुका थांबतील,' असा एक युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. यंत्रांना आमचा विरोध नाही. पण भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात काय घडले तेही पाहावे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या एका विद्यापीठ-रुग्णालयात, डिसेंबर २०१७ मध्ये एका परिचारिकेने औषधे देणाऱ्या संगणकीय कपाटातून मनाची अस्वस्थता कमी करणाऱ्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे वेक्युरोनियम काढले आणि पंचाहत्तर वर्षांची रुग्णा मरण पावली. परिचारिकेने आपली चूक ताबडतोब स्वतःहून कबूल केली. यंत्राची सूचना डावलून औषध काढणे हे त्या काळात तेथे नित्याचेच झाले होते, असा तिचा बचाव होता. रुग्णालयाने कुटुंबाशी न्यायालयाबाहेर तडजोड केली. मार्च २०२२ मध्ये दोषी ठरली ती परिचारिका. मे महिन्यात तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. रुग्णालयावर फौजदारी खटला झाला नाही. असे खटले चालले तर परिचारिका चुका सांगणेच बंद करतील, असा इशारा तेथील परिचारिकांच्या संघटनेने दिला.

त्याच सुमारास, मार्च २०१७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची घोषणा केली होती. औषधांच्या चुकांपायी जगाला दरसाल ४२ अब्ज डॉलर मोजावे लागतात, असा तिचाच अंदाज. पाच वर्षे २०२२ मध्ये उलटली. त्या वर्षी १७ सप्टेंबरचा रुग्णसुरक्षा दिनही याच विषयाला वाहिला गेला; आपल्याकडे फलक लागले, रांगोळ्या निघाल्या. परिचारिकांची पदे मात्र भरली गेली नाहीत. उलट त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रातील परिचारिकांना संपावर जावे लागले, कारण सरकार त्यांची भरती ठेकेदाराच्या हाती सोपवू पाहत होते.

आपल्या घरचे बोलू

इतका वेळ इतरांना बोल लावले. आता थोडे स्वतःकडे पाहणे प्राप्त आहे. रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या संघटनांची अनेक मागणीपत्रे मी भाषांतरासाठी हाताळली आहेत. वेतनश्रेणी, महागाईभत्ता, गणवेशभत्ता, रात्रपाळीचा भत्ता, रिक्त पदे, हे सर्व त्यांत असते व असलेच पाहिजे. औषधाच्या सुरक्षिततेविषयी मात्र एक ओळ सापडत नाही. एका ज्येष्ठ साथीला मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, 'तो तांत्रिक प्रश्न आहे, तो तज्ज्ञांवर सोडावा.' दुसऱ्यांचा आक्षेप अधिक सरळ होता : 'चुका कळविण्याची मागणी आपणच केली तर मालकाच्या हाती आयते आरोपपत्र दिल्यासारखे होईल.'

पहिला आक्षेप मला मुळातच मान्य नाही. खाणीतील छताला आधार किती असावेत हा प्रश्नही तांत्रिकच आहे. पण खाणकामगारांनी तो कधी अभियंत्यांवर सोडला नाही, कारण छत कोसळते ते त्यांच्या डोक्यावर. येथे छत कोसळते ते दोघांवर, परिचारिकेवर आणि रुग्णावर; आणि सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतला रुग्ण हा बहुधा आपल्याच वर्गाचा असतो. रुग्ण आणि परिचारिका यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात व्यवस्थापनाला जे यश येते, त्याला आपले हे मौनही कारणीभूत आहे. कक्षात परिचारिकेवर हात उगारणारा नातेवाईक पुष्कळदा एखाद्या कारखान्यातला आपलाच सभासद असतो, ही गोष्ट कबूल करायला जड जाते, पण ती खरी आहे.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच त्याचे उत्तर मागणीच्या शब्दांत असले पाहिजे. केवळ 'नोंदी करा' अशी मागणी केली तर ती खरोखरच परिचारिकेच्या गळ्यातला फास ठरेल. नोंद करणाऱ्यावर त्या नोंदीच्या आधारे शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. कंत्राट नाकारताना ती नोंद विचारात घेतली जाणार नाही. प्रत्येक नोंदीसोबत त्या पाळीतील रुग्णसंख्या व परिचारिकांची संख्या लिहिली जाईल. नोंदींचा गोषवारा दर महिन्याला संघटनेस मिळेल. यांपैकी तिसरे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. चुकीसमोर 'चव्वेचाळीस रुग्ण, एक परिचारिका' असा आकडा अधिकृत कागदावर एकदा लिहिला गेला की, तो कागद आरोपपत्र ठरेल, मात्र परिचारिकेवरचे नव्हे. आणि कलम १०६ मधील सवलत परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ यांनाही लागू व्हावी, ही मागणी मध्यवर्ती कामगार संघटनांनी संसदेपर्यंत नेली पाहिजे. ती केवळ परिचारिकांच्या संघटनेवर सोडणे म्हणजे तिला पुन्हा एकटीला उभे करणे होय.

आईच्या बाबतीतला फॉर्म अखेर मी भरला, आठ महिने उशिरा. रुग्णांसाठीचा तो फॉर्म मराठीतही मिळतो हे मला, मराठीच्या अनुवादकाला, तोवर ठाऊक नव्हते! औषधाचे नाव, कारण, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख, सारे लिहिता आले. कारण त्या सिस्टरची सहाव्या रात्रीची नोंद आमच्यापाशी असलेल्या कागदांच्या प्रतींत होती. बॅच क्रमांकाचा रकाना तेवढा कोरा राहिला. तो कुपीवर होता, आणि कुपी केव्हाच कचऱ्यात गेली होती.